तिसऱ्यांदा आलेली सूज

जानेवारीतला बुधवार, संध्याकाळचे साडेपाच. अपघात विभागातून फोन आला, "मॅडम, चार वर्षांची मुलगी आहे. डावा गाल सुजलाय, ताप आहे, तोंड उघडत नाही. दाताचंच वाटतंय, पण जरा लवकर या."

मी लहान मुलांची दंतवैद्य. गेले तेव्हा ती आईच्या मांडीवर शालीत गुंडाळून बसली होती, मान डावीकडे कललेली. डोळ्याच्या खालच्या कडेपासून जबड्याच्या खालपर्यंत गाल टम्म फुगलेला, कातडी ताणून चकचकीत लाल झालेली. मुलगी रडत नव्हती. अनोळखी माणूस जवळ आलं की चार वर्षांचं मूल रडतं, आईला घट्ट धरतं. जे रडत नाही, नुसतं बघत राहतं, त्याची मला जास्त काळजी वाटते. वय चार वर्षं तीन महिने, वजन साडेबारा किलो. ताप १०२, नाडी मिनिटाला १४०, ओठ सुकलेले. आदल्या दिवसापासून पोटात चमचा-चमचा चहा आणि पाणी एवढंच गेलेलं. सकाळपासून लघवी एकदाच झालेली.

आई-वडील बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला आलेले. कारखान्याजवळच्या माळावर कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. सोबत आजी, दोन्ही लेकरं सांभाळायला. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

अशा मुलाचं तोंड उघडायला सांगण्याआधी मी जबड्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवते. उजव्या बाजूला हाडाची कड स्पष्ट लागली, वाटीच्या काठासारखी. डाव्या बाजूला तेच बोट नुसतं गरम, घट्ट सुजेवरून घसरत गेलं, कड कुठे लागेचना. ही तपासणी पाच सेकंदांची आहे, पण तिने पुढचा सगळा निर्णय ठरतो. कड लागत असेल तर सूज बहुधा गालात आहे. कड हरवली असेल तर पुवाने जबड्याखालच्या जागेत शिरायला सुरुवात केली आहे, आणि तिथून जिभेखाली, गळ्याकडे, श्वासाच्या वाटेकडे जायला त्याला फार अडथळे नाहीत. लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये गळ्याच्या ज्या जीवघेण्या सुजेचं वर्णन केलं आणि जिला आजही त्याच्याच नावाने ओळखतात, ती बहुतेक वेळा खालच्या दाढेपासूनच सुरू होते.

म्हणून पुढचे प्रश्न श्वासाचे आणि गिळण्याचे. लाळ गळते का? नाही. चमचाभर पाणी दिलं. कण्हत कण्हत, पण गिळलं. जिभेखाली बोट जेमतेम गेलं, तिथली जागा मऊ होती, जीभ वर उचललेली नव्हती. बोट घातल्यावर ती एकदाची रडली, आणि रडण्याचा आवाज मोकळा होता. मला बरं वाटलं. तोंड मात्र एका बोटाएवढंच उघडत होतं.

तेवढ्या फटीतून बॅटरीच्या उजेडात जे दिसलं ते असं. डावीकडची खालची दुसरी दुधाची दाढ जवळजवळ नाहीशी, हिरडीत काळी मुळं तेवढी उरलेली. तिच्या पुढची पहिली दाढ अर्धी पोकळ. वरचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत झिजून काळे, त्यातल्या एकावर हिरडीला पुवाची पुळी. उजवीकडच्या दोन्ही खालच्या दाढांत आणि वरच्या दोन्ही पहिल्या दाढांत खड्डे. आणि या सगळ्याच्या मध्ये खालचे पुढचे सहा दात स्वच्छ, पांढरेशुभ्र.

ते सहा दात पाहिले की मुलाने झोपताना काय प्यायलं असेल ते न विचारता कळतं. बाटली चोखत झोपलेल्या मुलाची जीभ खालच्या दातांवर पांघरुणासारखी पडलेली असते, आणि जिभेखालच्या ग्रंथींची लाळ त्यांना धूत राहते. वरच्या दातांना यातलं काहीच मिळत नाही. साखरेचं दूध रात्रभर त्यांच्याभोवती साचून राहतं. झोपेत लाळही कमी सुटते. आईने सांगितलं, अडीच वर्षांची होईपर्यंत रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली होती. नंतर चहा, ग्लुकोजची बिस्किटं. फडात असली की पाचटावर बसून उसाचं कांडकं चघळायची.

यात आईला बोल लावावा असं मला कधीच वाटलं नाही. पहाटे चारला फडात जाणाऱ्या बाईने रडणाऱ्या लेकराच्या हातात जे हाताशी होतं ते दिलं.

आधीच्या दोन सुजा

आजीने कनवटीची प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात दोन चिठ्ठ्या, एक रिकामी औषधाची बाटली आणि अंगणवाडीचं पिवळं कार्ड होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांना तपासतं, आणि दातांचे आजार त्या तपासणीच्या यादीत आहेत. पथकाने त्यांचं काम केलं होतं. कार्डावर दोन वेळा लिहिलेलं, 'दात किडलेले, पुढे पाठवले.' दुसरी नोंद दिवाळीच्या आधीची. पण दिवाळी झाली की टोळी निघते, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रक ठरलेल्या दिवशी सुटतो. "दुधाचेच दात हायेत, पडतेतच की, असं सगळेच म्हनले," आजी म्हणाली.

पहिली सूज त्या दिवाळीतच आली. गावातल्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन या जंतू मारणाऱ्या औषधाचं सिरप दिलं, तीन दिवसांत सूज उतरली. दुसरी डिसेंबरात, इथे आल्यावर. औषधाच्या दुकानातून तीच बाटली आणली. पुन्हा उतरली. त्यानंतर तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात दाढ काढायचा प्रयत्न झाला. दोघांनी हात धरले, एकाने डोकं. सुन्न करायचं इंजेक्शन लागूच पडेना. दाढेचा वरचा भाग तुटला, मुळं तशीच राहिली, आणि पोर इतकी किंचाळली की आईनेच तिला उचलून बाहेर आणलं.

त्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे, पण मी देणार नाही. पू साचलेल्या जागी पेशींभोवतालचा द्रव आम्ल होतो. लिग्नोकेन हे सुन्न करायचं औषध अशा द्रवात नसेच्या आवरणातून आत शिरू शकत नाही. दुप्पट इंजेक्शन दिलं तरी फरक पडत नाही. उलट साडेबारा किलोच्या मुलीला लिग्नोकेन जास्तीत जास्त ५५ मिलिग्रॅम देता येतं, म्हणजे दीड काडतूस (इंजेक्शनची भरलेली छोटी नळी). दोन काडतुसं टोचली की विषबाधेच्या हद्दीत गेलात. बधिर होत नाही आणि जास्तही देता येत नाही, या पेचात मूल जागं असताना दाढ काढायला जाऊ नये, इतकंच.

बाटलीवरून हिशेब केला. १२५ मिलिग्रॅमचं सिरप, आजी अर्धा चमचा तीन वेळा देत होती. म्हणजे दिवसाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, हवं त्याच्या निम्मं. तिसऱ्या दिवशी सूज गेली म्हणून बंद. आमचे निवासी डॉक्टर म्हणाले, पूर्ण डोस पूर्ण दिवस दिला असता तर ही वेळ आली नसती. मला ते पटत नाही, आणि हा या प्रकरणातला माझा मुख्य मुद्दा आहे. दाढेच्या आतली नस मेली की तिच्यात रक्त खेळत नाही. औषध रक्तातून जातं. जिथे रक्तच पोचत नाही तिथल्या जंतूंपर्यंत औषध पोचणार कसं? सिरपने आजूबाजूच्या मांसातला संसर्ग दबतो, सूज उतरते, आणि दाढेच्या पोकळीत जंतू होते तसे सुखरूप राहतात. दुधाच्या दाढेच्या तळाशी, दोन मुळांच्या मधलं दंतद्रव्य पातळ असतं, त्यात बारीक फटी असतात. पू तिथून पुन्हा हाडात उतरतो. योग्य डोस दिला असता तर तिसरी सूज जानेवारीऐवजी फेब्रुवारीत आली असती. दर वेळी सूज उतरली, आणि दर वेळी घरच्यांनी, आणि डॉक्टरांनीही, आजार बरा झाला असं धरलं.

रात्र थांबायचं की आत्ताच घ्यायचं

दाखल केलं. सलाईन लावलं, तेही तिसऱ्या प्रयत्नात, शिरा इतक्या बारीक. शिरेतून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड आणि मेट्रोनिडॅझोल सुरू केलं, तापाला पॅरासिटामॉल. रक्तात पांढऱ्या पेशी २१ हजारांवर, हिमोग्लोबिन ८.७. सोनोग्राफीत जबड्याखाली मांस सुजलेलं दिसलं, पण पू एका जागी जमलेला नव्हता.

बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ सर, कान-नाक-घशाचे सर्जन आणि मी, चौघे वॉर्डच्या टेबलाभोवती उभे. माझं म्हणणं होतं की दाढ लवकरात लवकर निघाली पाहिजे. भूलतज्ज्ञांचं म्हणणं, पोर सुकलेली आहे, तोंड उघडत नाही, हिमोग्लोबिन कमी आहे. रात्री दोन माणसांच्या बळावर नळी घालण्यापेक्षा रात्रभर सलाईन देऊन सकाळी पूर्ण तयारीनिशी घेऊ. सर्जन म्हणाले, श्वास मोकळा आहे तोवर ठीक. निवासी डॉक्टरांना हे अति वाटत होतं, दाताच्या दुखण्याला चार तज्ज्ञ कशाला! त्यांना मी २००७ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेत, मेरिलँड राज्यात, १२ वर्षांच्या एका मुलाचा किडलेल्या दातातला संसर्ग मेंदूपर्यंत गेला. मेंदूच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी तो वाचला नाही. वेळेत तो दात काढला असता तर ऐंशीएक डॉलरांचं काम होतं.

सकाळपर्यंत थांबायचं ठरलं, एका अटीवर. सर्जननी बॉलपेन घेतला आणि मुलीच्या गालावर, गळ्यावर सुजेच्या कडेने निळी रेघ ओढली. सिस्टरनी दर अर्ध्या तासाला बघायचं. सूज रेघेपुढे बोटभर गेली, लाळ गळू लागली किंवा आवाज बदलला, की लगेच फोन.

वडील रात्री नऊला मुकादमाच्या मोटारसायकलवरून आले, हातापायाला पाचटाचे ओरखडे. त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. "भुलीनं डोक्यावर परिनाम होतो म्हनतेत, खरं का?" हा प्रश्न शिकलेले आई-बापही विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांबद्दल, तीन तासांपेक्षा लांबलेल्या किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलीबद्दल. तान्ह्या बाळांना तासाभराच्या आतली एकच भूल दिली, तर पाचव्या वर्षी त्यांच्या बुद्धीत काही फरक दिसत नाही, असं 'लॅन्सेट'मध्ये २०१९ साली छापलेल्या मोठ्या अभ्यासात आढळलं. त्यात भूल दिलेल्या बाळांची तुलना जागं ठेवून, नुसतं कमरेखाली बधिर केलेल्या बाळांशी केली होती. हे मी त्यांना माझ्या शब्दांत सांगितलं आणि पुढे म्हटलं, "तुमची मुलगी चार वर्षांची आहे, भूल तासाभराची आहे. आत्ता धोका गळ्यातल्या सुजेचा जास्त आहे." त्यांनी संमतिपत्रावर सही केली.

मग आईने विचारलं, बाहेरून चिरा द्यावा लागला तर पोरीच्या तोंडावर खूण राहील का? जबड्याच्या खाली, सावलीत लपेल अशा जागी, सेंटिमीटरभर, असं मी तिच्याच मानेवर बोट ठेवून दाखवलं. ती गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "ऱ्हाऊ द्या खून. पोरगी ऱ्हायली पायजे."

बिस्किटाचे दोन घास

गुरुवारी सकाळी ताप पुन्हा १०२. सूज मधोमध मऊ झाली होती, दाबलं की आत पाणी हलल्यासारखं वाटायचं. सोनोग्राफीत आता पू जमलेला स्पष्ट दिसला. नऊला ऑपरेशन थिएटर तयार.

न्यायला गेले तेव्हा मुलीच्या मुठीत ओलं बिस्किट होतं.

रात्री दोनदा सांगितलं होतं, सकाळी काही द्यायचं नाही. सांगितलं होतं आईला. आई पहाटे थोडा वेळ कलंडली, तेवढ्यात सात वाजता आजीने चहात बुडवून बिस्किट दिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा पोरीने काही मागितलं होतं. "दोनच घास दिले बगा. उपाशी लेकराला कसं न्यावं?" आजीला आम्ही काय सांगितलं होतं? 'उपाशी ठेवा' एवढंच. का, ते कुणीच सांगितलं नव्हतं. भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्याची ताकद झोपी जाते. पोटातलं वर आलं तर ते सरळ फुप्फुसात जातं. म्हणून घन पदार्थ आणि गाईचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, नुसतं पाणी दोन तास. तेव्हापासून मी हे घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला सांगते, तिच्याकडून परत वदवून घेते, आणि दोन तास आधीपर्यंत साखरपाणी देता येतं हेही सांगते. मूल अगदी कोरडं ठेवायचं नाही म्हटल्यावर आजीचं समाधान होतं आणि बिस्किट पिशवीतच राहतं.

भूलतज्ज्ञांनी घड्याळ बघितलं. एक वाजेपर्यंत थांबू. पण रेघेपुढे गेली तर पोट भरलेलं आहे असं समजूनच भूल द्यायची, मग सहा तासांची वाट बघायची नाही. ते चार तास मी वॉर्डमध्येच होते. अकरा वाजता गळ्याकडे सूज रेघेच्या काठाला टेकली, तिथेच राहिली.

थिएटरमध्ये

दीडला मुलगी आत. मास्कच्या आतल्या बाजूला स्ट्रॉबेरीचा वास चोळलेला असतो. सिस्टर तिला म्हणाल्या, फुगा फुगव. सेव्होफ्ल्युरेन या भुलीच्या वायूने ती स्वतःचा श्वास घेत घेत झोपली. श्वास बंद करणारं औषध सरांनी मुद्दामच आधी दिलं नाही. नळी बसली नाही तर निदान स्वतःचा श्वास तरी चालू हवा. घशाचे सर्जन हातमोजे घालून बाजूला उभे, गळ्याला छिद्र पाडायची हत्यारं उघडून ठेवलेली. झोप गाढ झाली तशी जबड्याची वळ सुटली आणि तोंड जवळजवळ पूर्ण उघडलं, म्हणजे जबडा दुखण्यानेच आवळला होता. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घशात बघायच्या कॅमेऱ्याने, उजव्या नाकपुडीतून साडेचार नंबरची नळी पहिल्या खेपेत बसली. नाकातून एवढ्याचसाठी, की तोंड आम्हाला मोकळं मिळावं. घशात ओल्या पट्टीचा बोळा भरला आणि सिस्टरनी फळ्यावर लिहिलं: 'पॅक आत, १.५२.' तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर हा बोळा विसरला तर नळी काढल्यावर मूल गुदमरतं, म्हणून तो निघाल्याची वेळही फळ्यावर आल्याशिवाय कुणी हलत नाही.

सर्जननी जबड्याच्या कडेपासून दोन बोटं खाली चिरा दिला. त्याहून वर ओठाचा कोपरा हलवणारी नस असते. आधी सुईने पू ओढून तपासणीला दिला, मग चिमटा आत उघडला. पांढरट-पिवळा, घाण वासाचा पू भळकन आला, वाटीभर वाटावा असा, मोजला तर सात मिली. एवढ्याशा गळ्यात सात मिली.

मग माझं काम. दुसऱ्या दाढेची दोन मुळं वेगवेगळी काढली. खालून पुन्हा पू आला, आणि तोंडातला व बाहेरचा मार्ग एकच आहे हे दिसलं. मोठ्या माणसाची दाढ काढल्यावर आपण खळगा खरवडून साफ करतो. दुधाच्या दाढेखाली ते करायचं नाही. मुळांच्या कवेत पुढच्या कायमच्या दाढेचा अंकुर असतो, आणि खरवडताना तोच हाती येऊ शकतो. नुसतं सलाईनने धुतलं. पहिली दाढ काढली, वरचे चार पुढचे दात काढले. काढलेल्या जागी थोडं लिग्नोकेन दिलं, जाग आल्यावर दुखू नये म्हणून. एक काडतूसही पुरतं लागलं नाही.

पावणेतीन वाजले. ट्रॉलीवर मी स्टीलच्या चार कॅप काढून ठेवल्या होत्या, उरलेल्या किडक्या दाढांसाठी. "सर, वीस मिनिटं." सर मॉनिटरकडे बघत होते. नाडी अजून १३० च्या खाली नव्हती. "आज नाही."

मला ते पटलं नाही, आणि तिथे वाद घालायची वेळ नव्हती. ठरवून केलेल्या भुलीत आमचा नियम साधा आहे: एकदाच झोपवायचं आणि तोंडातलं सगळं काम त्याच झोपेत उरकायचं, म्हणजे दुसरी भूल लागत नाही. या मुलीबाबत तर ते दुप्पट खरं होतं. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, की टोळी बीडला परत जाणार. वडिलांनी आधीच दोन दिवस खाडा केलेला. कोण आणणार तिला पुन्हा पुन्हा? पण त्या घटकेला टेबलावर अंगात पू असलेली, रक्त कमी असलेली, साडेबारा किलोची मुलगी होती. आज विचारलंत तर मी सांगेन, सरांचं बरोबर होतं. फक्त 'नंतर बघू' म्हणून सोडून देणं परवडणारं नव्हतं. ते 'नंतर' ती रुग्णालयात असेपर्यंतच उरकायला हवं होतं.

फळ्यावर 'पॅक बाहेर, २.५३.' नळी काढली ती मुलगी पुरती जागी होऊन डोळे उघडल्यावर, सुजेचा भरवसा नव्हता म्हणून. रिकव्हरीत ती दहा मिनिटं हातपाय झाडून ओरडली, कुणाला ओळखेना. सेव्होफ्ल्युरेननंतर लहान मुलांत हे होतं. आईला आत घेतलं, तिच्या अंगाचा वास आला तशी शांत झाली.

वॉर्डातले पाच दिवस

त्याच रात्री ताप उतरला. शुक्रवारी सकाळी तिने भात मागितला. मऊ वरणभात अर्धी वाटी खाल्ला, आणि आजी म्हणाली की दिवाळीपासून पोर घास गालात धरून बसायची, चावतच नव्हती. वजन साडेबारा किलो का होतं याचं मोठं उत्तर त्या वाक्यात होतं.

शनिवारी गळ्यातली, पू वाहून जावा म्हणून चिऱ्यात ठेवलेली रबराची पट्टी काढली. त्याच दिवशी तिला आमच्या विभागात आणलं, खुर्चीवर बसवलं, आणि काहीही केलं नाही. आरसा तिच्या हातात दिला. हवेचा फवारा तिच्या तळहातावर मारून दाखवला, मग माझ्या. शेवटी दाढांच्या फटीत बारीक रबरी कड्या घातल्या, त्या दोन दिवसांत जागा करतात.

सोमवारी उजवीकडच्या खालच्या दुसऱ्या दाढेवर आणि डावीकडच्या वरच्या पहिल्या दाढेवर कॅप बसवल्या. इंजेक्शन नाही, घासणं नाही, कीड खरवडणं नाही. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंची ही पद्धत. मापाची स्टीलची कॅप सिमेंट भरून दाढेवर दाबायची, कीड आत कोंडली जाते, तिला साखर मिळत नाही आणि ती तिथेच थांबते. नस जिवंत असेल आणि एक्स-रेत कीड व नस यांच्यामध्ये निरोगी भाग दिसत असेल तरच हे चालतं. या दाढांत तो दिसत होता. जुन्या पठडीतल्या लोकांना कीड आत ठेवणं पटत नाही. मलाही पहिल्या काही कॅप बसवताना हात अडखळला होता. उरलेल्या दोन किडक्या दाढांना आणि मागच्या बारीक खड्ड्यांना ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं. ते कीड रोखतं पण जागा काळीकुट्ट होते, हे आधी सांगावंच लागतं. आई म्हणाली, मागं कोन बघतंय.

मंगळवारी घरी. घरी म्हणजे कोपीत. आजीला तांदळाएवढा नाही, वाटाण्याएवढा पेस्टचा गोळा दाखवला; तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाएवढा, त्यावरच्याला वाटाण्याएवढा, फ्लोराइडची पेस्ट, आणि रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. धाकटा दीड वर्षांचा भाऊ आजीच्या कडेवर होता. त्याचा वरचा ओठ उचलून बघितला, वरच्या दातांच्या हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ. हीच सुरुवात. त्याला तिथेच फ्लोराइडचा लेप लावला आणि बाटलीतली साखर आठवडाभरात चमच्या-चमच्याने कमी करत नुसत्या पाण्यावर आणायला सांगितलं. एकदम बंद करा म्हटलं की पहिल्याच रात्री बाटली परत येते.

पुढच्या हंगामात

फेब्रुवारीत ते एकदा आले, तिसरी कॅप बसली. मग मार्चमध्ये टोळी गेली.

नोव्हेंबरात परत आले, त्याच कारखान्यावर. वजन सव्वापंधरा किलो. बसवलेल्या तिन्ही कॅप जागच्या जागी. पण जिच्यावर नुसतं सिल्व्हर लावलं होतं ती उजवीकडची खालची पहिली दाढ फुटली होती, हिरडीवर पुळी. त्या दिवशी थिएटरमध्ये वीस मिनिटं मिळाली असती तर ती बहुधा वाचली असती, हे मी लिहून ठेवते. ती खुर्चीवरच काढली, साध्या इंजेक्शनने, कुणी हात न धरता. तिने इतकंच विचारलं की फुग्याचा वास आज नाही का. तिच्यामागच्या कॅप घातलेल्या दाढेला तारेचं कडं लावून जागा राखली.

डावीकडे ते जमलेलं नाही. त्या दोन दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकायच्या होत्या. सहाव्या वर्षी मागून कायमची दाढ येईल आणि पुढे सरकेल. ती आली की जागा राखायचं साधन बसवता येईल, तोपर्यंत काही जागा जाणारच. आईला हे चित्र काढून दाखवलं.

निघताना मी जबड्याच्या कडेवरून दोन्ही बाजूंनी बोट फिरवलं. कड लागली. खालची खूण तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांच्या तालुक्याच्या बाल स्वास्थ्य पथकासाठी चिठ्ठी लिहिली: कुठला दात काढला, कुठे कॅप आहे, डावीकडची दाढ कधी बघायची, धाकट्याचे दात कधी तपासायचे. आजीने ती चौघडी घालून कनवटीच्या पिशवीत ठेवली, पिवळ्या कार्डाच्या आत.